शेजारचा कडुनिंब आमच्या घरावर आलाय. काय करावं?

देवळीचा_पोट्टा | १३ मे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आई गावी एकटी. वर्धा जिल्हा, देवळी तालुका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या काकाजींना त्यांच्या नातवानं मोबाईल शिकवला आहे.

आमचं घर जुनं. मातीच्या भिंती, पुढे टिनाची छपरी, मागे कवेलू, म्हणजे मातीची कौलं. काकाजींच्या सांदवाडीत, आमच्या भिंतीपासून जेमतेम चार हातांवर, एक कडुनिंब आहे. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. त्याच्या दोन मोठ्या फांद्या सरळ आमच्या मागच्या खोलीवर आल्या आहेत आणि आई त्याच खोलीत झोपते.

गेल्या बुधवारी रात्री वादळ आलं. माझ्या मांडीएवढी एक फांदी कोठ्यावर पडली. कोठ्यात आता ढोरं नाहीत, नुसतं कुटार होतं, म्हणून निभावलं. मागच्या खोलीचेही वीस-पंचवीस कवेलू फुटले.

काकाजींना फोन केला. म्हणाले, "माह्या बापानं लावलेलं झाड हाय, अन् खाली मातामाय हाय. मी कुऱ्हाड लावू देत नाई. तुह्या मायले काई होत नाई." (मातामाय म्हणजे निंबाच्या बुडाशी पुजलेली देवी.) माणूस वाईट नाही. बाबा गेले तेव्हा तेरा दिवस आमच्या घरचं जेवण त्यांच्याकडून आलं. म्हणून तर अवघड आहे. भांडायचं कसं?

कायद्यानं काय करता येतं? ग्रामपंचायत ऐकते का? आणि संबंध न बिघडता हे निस्तरलं असा कोणाचा अनुभव आहे का?

नागपुरी_संत्रं | १३ मे

बुंध्याला गिरमिटानं भोक पाडायचं, हिंग भरायचा, वरून शेण लिंपायचं. सहा महिन्यांत झाड वाळतं अन् कोणाले कळतही नाही. आमच्या मोठ्या आबाचा फॉर्म्युला. ;)

वऱ्हाडी_ठेचा | १३ मे

हिंगाचा भाव पाहिला का भाऊ? त्यापेक्षा काकाजीचं घर विकत घेणं सोपं.

आरीवाला | १३ मे

गंमत म्हणून ठीक, पण हे वाचून कोणी करून बसेल म्हणून लिहितो. उभं झाड मारून ठेवणं हा सगळ्यात वाईट धंदा. वाळलेल्या झाडाच्या फांद्या बिनवाऱ्याच्या तुटतात, आणि त्याच्यावर चढायला आम्ही लोक नाही म्हणतो. ओल्या फांदीचा अंदाज येतो, वाळलेलीचा येत नाही.

अर्धवट_वकील | १४ मे

दरवेळी या विषयात दोन कायद्यांची खिचडी होते, म्हणून आधी ती वेगळी करतो.

वर्तमानपत्रात वृक्ष प्राधिकरण, पन्नास वर्षांवरचे वारसा वृक्ष वगैरे जे येतं ते १९७५ च्या नागरी क्षेत्रांच्या कायद्यातलं. तो शहरांसाठी. ग्रामपंचायत हद्दीत बघायचा तो १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा. त्याला सोळा जातींची अनुसूची आहे: साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, फणस, ऐन, बिजा, हळदू, तिवस, अंजन, किंजळ आणि खाडीकाठचं तिवर. ही झाडं स्वतःच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जिवाला किंवा मालमत्तेला धोका हे परवानगी मागण्याचं कारण त्या कायद्यातच आहे.

कडुनिंब या यादीत नाही. पण तुमची अडचण परवानगीची नाहीच. मालकाची इच्छा नाही, ही आहे.

मालक नाही म्हणत असेल तर उपविभागीय दंडाधिकारी. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. पडून आसपासच्यांना इजा होईल अशा अवस्थेत झाड असेल तर ते काढा किंवा त्याला आधार द्या, असा सशर्त आदेश ते मालकाला देऊ शकतात. सशर्त म्हणजे समोरच्याला येऊन बाजू मांडायची संधी असते.

त्याआधी एक साधं पत्र द्या, पोच घ्या. धोका आहे हे मालकाला लेखी सांगितलं असेल, तर उद्या झाड पडल्यावर "देवाची करणी" म्हणणं त्याला अवघड जातं. आपल्या हद्दीत आलेली फांदी आपल्याच हद्दीत राहून छाटता येते, लाकूड मात्र मालकाचं. शेजारच्या कुंपणात पाय ठेवायचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १४ मे

तेरा दिवस जेवू घालणाऱ्याला पोच घेऊन पत्र. वकीलसाहेब, तुम्ही अर्धवट नाही, पूर्ण आहात.

पळसफूल | १४ मे

मला राग आलाय, तो लपवत नाही. पुण्यात बसून गावातलं शंभर वर्षांचं झाड तोडायचे सल्ले घ्यायचे. विदर्भातला मे महिना माहीत आहे ना? पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा त्या गल्लीत दुपारी बसायला जागा कुठली असते? रस्ता रुंदीकरणात आमच्याकडची दुतर्फा झाडं गेली, आता एसटीची वाट पाहत लोक विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे राहतात. खांबाच्या! फांद्या छाटा, घर दुरुस्त करा, आईंना पुढच्या खोलीत झोपू द्या. झाड तोडणं हा पहिला उपाय कसा असू शकतो?

बाळापूरवाली | १४ मे

@पळसफूल, तुमचा राग कळतो. आता माझा ऐका.

९ एप्रिल २०२३, पारस, आमचा बाळापूर तालुका. बाबूजी महाराज संस्थानात रविवारी रात्री लोक जमले होते. वादळ-पाऊस सुरू झाला म्हणून टिनाच्या शेडखाली गेले. शेजारचा जुना कडुनिंब त्या शेडवर पडला. सात माणसं गेली, कितीतरी जखमी. तोही कडुनिंबच होता, त्यालाही लोक हात जोडत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

त्यानंतर मी आमच्या अंगणातला निंब काढला. सासरे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. चालतं.

पळसफूल | १४ मे

पारस मला माहीत आहे. पण त्यावरून प्रत्येक निंब खुनी ठरत नाही.

बाळापूरवाली | १४ मे

प्रत्येक नाही. कोणता, ते पडल्यावर कळतं.

काळी_माती | १५ मे

मी निवृत्त बांधकामवाला. फांदीचं सोडा, ते दुसरे सांगतील. धागाकर्ते, भिंतीला भेगा आहेत का? असतील तर त्याही झाडाच्या माथी मारू नका.

आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. पाया उथळ असला की घर दरवर्षी वर-खाली होतं. झाड नसलेल्या घरांनाही भेगा पडतात, चौकात उभं राहून मोजा. जवळचं मोठं झाड उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतं, त्यानं आकसणं वाढतं, हे खरं. पण लोक भेग पाहून झाड तोडतात आणि वर्ष-दोन वर्षांनी नव्या भेगा घेऊन येतात. झाड गेल्यावर तेच पाणी मातीत राहतं, माती फुगते, पाया उचलला जातो. आमच्या एका शाळेचं असंच झालं. आधी कोपरा खचला होता, झाड काढल्यावर तोच कोपरा वर आला. हेडमास्तर म्हणाले, साहेब आता झाड परत लावू का?

आरीवाला | १५ मे

दारव्ह्याकडचा आहे, पंधरा वर्षं हेच काम. फोटो पाहिल्याशिवाय कोणी तोडा-राखा सांगत असेल तर ऐकू नका, मी धरून.

झाड तिरपं आहे म्हणून घाबरू नये. लहानपणापासून तिरपं वाढलेलं झाड शेंडा वर वळवून घेतं, ते आपल्या तोलात असतं. काल सरळ होतं आणि आज तिरपं झालं, बुडाशी एका अंगाला माती उचलली, तर मात्र त्या रात्री घरात झोपू नका. बुंध्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं सगळीकडून ठोका. एका जागी ढब्ब आवाज आला तर आत पोकळी. पोकळ झाडही उभं राहतं, बाहेरची भिंत किती जाड आहे त्यावर आहे. बुडाशी शिंपल्यासारखी कडक अळिंबी उगवली असेल तर मूळ सडतंय समजा. दोन जाड फांद्या जिथून फुटतात तिथं बेचक्यात साल आत दबलेली असेल तर ती जागा वादळात फाटते. तुमची फांदी बहुतेक अशीच गेली असणार.

आणि मुळं. अलीकडे आजूबाजूला कोणी खोदलं का?

देवळीचा_पोट्टा | १५ मे

सगळ्यांचे आभार. @पळसफूल, राग मान्य. मला झाड तोडायची हौस नाही, रात्री वाऱ्याचा मेसेज आला की झोप लागत नाही एवढंच.

@आरीवाला, चुलतभावाला पाठवून फोटो काढले, व्हॉट्सअॅपवर पाठवतो. खोदलं का विचारलंत आणि आठवलं. दोन वर्षांपूर्वी गल्लीत सिमेंट रस्ता झाला, बाजूनं नाली झाली. ती निंबाला लागूनच गेली आहे, आमच्या घराच्या विरुद्ध बाजूनं. जेसीबीनं एका दिवसात खोदली. भाऊ म्हणतो मांडीएवढी दोन मुळं तुटली, ती काकाजींनीच जळणाला नेली.

आरीवाला | १५ मे

घ्या. तुमच्याकडे ओढणारं वजन आणि पलीकडून धरून ठेवणारा दोर, असं झाडाचं असतं. दोर कापला नालीवाल्यानं. आता ते पडलं तर कुठं पडेल हे शाळेतलं पोरगंही सांगेल.

फोटो पाहिले. बुंधा निरोगी दिसतो, अळिंबी नाही, माती उचललेली नाही. बेचक्यात साल दबलेली आहेच. माझं मत: झाड पाडायची वेळ अजून नाही, पण घरावरचं वजन या पावसाळ्याआधी उतरवलं पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा | १५ मे

म्हणजे आरोपी काकाजी नाहीत, नाली आहे. अन् नालीत पाणी तरी वाहतं का?

देवळीचा_पोट्टा | १५ मे

नाही. उतार उलटा झालाय.

माजी_सरपंचबाई | १६ मे

पाच वर्षं सरपंच होते. झाडाचा अर्ज आला की मी पहिला प्रश्न विचारायची: तुमच्या दोघांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद आहे का? दहातल्या आठ वेळा असायचा. कोणी बांदीतून पाणी सोडलं नाही, कोणी लग्नाला बोलावलं नाही, कोणी पॅनल बदललं. तो राग पानगळीच्या कचऱ्यावर निघतो. "त्याची पानं माह्या अंगणात पडते." पानं तीस वर्षांपासून पडतच होती.

एका प्रकरणात चिंच होती. मधोमध. दोघंही म्हणत झाड माझं, कारण चिंचा विकायच्या होत्या. मग तिची फांदी एकाच्या स्लॅबवर पडली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघंही म्हणू लागले, झाड त्याचं!

पोट्टे भाऊ, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, पण तो म्हणजे तोडायचा परवाना असं समजू नका. दुसरं, झाड नक्की कोणाच्या जागेत आहे? गावठाणात सातबारा नसतो, आमच्याकडे नमुना ८ असतो आणि तो कर आकारणीचा कागद आहे, हद्द दाखवत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मिळालं असेल. ते काढा. कित्येक जणांना त्या नकाशावर पहिल्यांदा कळलं की आपली भिंत रस्त्यात आहे.

आणि शेवटचं. आईला विचारलं का?

कपाशीचं_बोंड | १६ मे

अवांतर आहे, पण राहवत नाही. एवढं मोठं झाड म्हणजे जूनमध्ये पोत्यानं निंबोळ्या. पाच टक्के अर्काला पाच किलो निंबोळी कुटून शंभर लिटर पाणी, बस. रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडी साबणाची पूड टाका. कपाशीवर मावा-तुडतुड्याच्या सुरुवातीला हे मारलं की पहिल्या एक-दोन फवारण्या वाचतात. आमच्या गावात निंब कमी झाले, आता निंबोळी अर्काची बाटली दुकानातून आणतो. बापाला सांगितलं असतं तर हसला असता.

नागपुरी_संत्रं | १६ मे

अवांतरात अवांतर: चिंचेवर भूत असते, निंबावर माय असते, मग सुबाभळीवर कोण असते?

वऱ्हाडी_ठेचा | १६ मे

बकरी.

देवळीचा_पोट्टा | १७ मे

सरपंचबाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं पकडलं. विचारलं नव्हतं. काल विचारलं.

आई म्हणाली, "झाडाचं मंग पाहू. पयले कवेलू बसवून दे, मृग लागून राहिला." मी म्हटलं, तू पुढच्या खोलीत झोप. तर म्हणाली पुढं टिनं आहेत, भट्टी होते, मागं निंबाचा वारा येतो. मग जरा थांबून म्हणाली, तुह्या बाबाची खाट तिथंच असायची. त्यावर मी फोन ठेवला.

म्हणजे काकाजी नाही म्हणतात, आई नाही म्हणते, आणि तोडा म्हणणारा मी एकटा, साडेसहाशे किलोमीटरवर.

पळसफूल | १७ मे

माझ्या पहिल्या प्रतिसादातलं पुण्याबद्दलचं वाक्य मागे घेते.

बाळापूरवाली | १७ मे

आईंना तिथं झोपायला आवडतं म्हणून फांदीचं वजन कमी होत नाही. माफ करा, पण कोणीतरी हे म्हणायला हवं.

काळी_माती | १७ मे

बाई बरोबर बोलतात. मातीची भिंत आणि कवेलूचं छप्पर मोठी फांदी झेलत नाही.

अर्धवट_वकील | १८ मे

नाली ग्रामपंचायतीची असेल आणि तिच्या खोदकामानं झाड कमकुवत झालं असेल, तर पत्राची एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना द्या. म्हणजे आपले ग्रामसेवकच, नाव बदललंय. तलाठ्यांचंही बदललं, ग्राम महसूल अधिकारी झाले. पंचनाम्याला मात्र तेवढाच वेळ लागतो.

कोठ्यावरची फांदी उचलली का? उचलण्याआधी फोटो काढले असतील अशी आशा.

देवळीचा_पोट्टा | १८ मे

आईनं त्याच दिवशी चुलीला लावली.

माजी_सरपंचबाई | १८ मे

लाकूड मालकाचं असतं म्हणाले होते ना वकीलसाहेब. :)

आरीवाला | १९ मे

काम करायचं ठरलं तर ऐका. शेंडा सपाट उडवू देऊ नका. गावात कोणीही येतो, झाडाचं बोडकं करून जातो. मग त्या थुटांवर झुबक्यानं कोंब फुटतात, चार वर्षांत तेच मोठे होतात, आणि ते नुसते सालीला चिकटलेले असतात. पुढच्या वादळात आधी तेच येतात. घरावरच्या दोन फांद्या टप्प्याटप्प्यानं उतरवा. आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढं वरून, म्हणजे साल खालपर्यंत सोलत जात नाही. शेवटी बुंध्याजवळ जी फुगीर कडी असते ती राखून काप. प्रत्येक तुकडा दोरानं बांधून खाली सोडा, टाकायचा नाही. विजेची तार जवळ असेल तर आधी लाईन बंद करून घ्या, आणि बंद झाली हे स्वतः पाहा. दुपारनंतर वारा सुटतो, सकाळीच काम.

आणि मातामायसमोर नारळ फोडा. माझे लोक त्याशिवाय चढत नाहीत, आणि काकाजींशी बोलायला तोच चांगला बहाणा आहे.

देवळीचा_पोट्टा | ११ जून

धागा वर काढतोय, कारण काहींनी विचारलं.

सुट्टी काढून गावी गेलो. पत्र लिहून नेलं होतं, खिशातच राहिलं. काकाजींच्या ओसरीवर बसलो, चहा झाला, मी म्हटलं, नालीत मूळ तुटलं त्याचं काय करायचं? झाड तोडायचं म्हणालोच नाही. ते नालीवर पाऊण तास बोलले. त्यांचा राग माझ्यापेक्षा मोठा होता. रस्ता झाला तेव्हा ते जेसीबीपुढे उभे राहिले होते, त्यांना "विकासाला विरोध करतो" म्हणून बाजूला केलं होतं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मूळ जळणाला नेलं, कारण ते रस्त्यावर पडलेलं पाहवेना.

मालमत्ता पत्रकं काढली. बुंधा अर्धा काकाजींचा, अर्धा गल्लीचा. म्हणजे अर्धा निंब सरकारी. काकाजी म्हणाले, "मंग अर्धी मातामायही सरकारी काय?"

दोन फांद्या उतरवल्या. आरीवाल्यांनी त्यांच्या ओळखीचे तिघं पाठवले, नऊ हजार घेतले, अर्धे काकाजींनी बळजबरीनं दिले. दोर धरायला स्वतः उभे होते, पंच्याहत्तराव्या वर्षी. नारळ त्यांनीच फोडला. नालीच्या बाजूला ग्रामपंचायतीनं मुरूम टाकून द्यायचं कबूल केलंय, ते कधी होईल ते मातामायच जाणे.

बाळापूरवाली | ११ जून

बरं झालं. पण फांद्या गेल्या, तुटलेलं मूळ तसंच आहे. माझी झोप लागली नसती.

आरीवाला | ११ जून

त्या खरं बोलतात. या पावसाळ्यात दर मोठ्या वाऱ्यानंतर बुडाशी माती पाहायची, आणि दिवाळीनंतर मी स्वतः येऊन ठोकून बघतो. माती हलली असेल तर मग मातामायसाठी दुसरी जागा बघू, काकाजींना मी सांगेन.

कपाशीचं_बोंड | १२ जून

निंबोळ्या धरल्यात का? अर्ध्या सरकारी सोडून बाकीच्या मी घेतो.

माजी_सरपंचबाई | १२ जून

कवेलू बसवले का?

देवळीचा_पोट्टा | १२ जून

नाही. कवेलू करणारा कुंभार आता पंचक्रोशीत कोणी नाही. टिनं टाकली.

काळी_माती | १२ जून

निंबाखाली टिनं? अहो, आता निंबोळ्या पिकतील. रात्रभर वाजतील.

देवळीचा_पोट्टा | १२ जून

आईचा सकाळीच फोन येऊन गेला.